डावा खांदा

संपत, काल तुझा दहावा झाला. नदीवर माणूस मावत नव्हतं. प्रवचनानंतर तीन भाषणं झाली, कारण निवडणूक जवळ आहे आणि दहाव्याइतका गप्प बसणारा श्रोता पुढाऱ्यांना दुसरीकडे मिळत नाही. पहिल्यानं तुला समाजसेवक केलं, दुसऱ्यानं अजातशत्रू. तिसरा म्हणाला, संपतराव मला धाकटा भाऊ मानायचे. ज्याच्या फ्लेक्सवरच्या फोटोला तू 'भोपळ्याला मिशी' म्हणायचास, तोच हा. मी मागे लिंबाखाली उभा होतो. हसू आलं म्हणून तुला सांगायला डावीकडे वळलो, तर डावीकडे कोणी नव्हतं.

मीही चार शब्द बोलावेत असं तुझ्या प्रसादच्या मनात होतं. पोरानं दोनदा माईक आणून दिला. मी नको म्हणालो. मला जे सांगायचं होतं ते माईकवर सांगण्यासारखं नव्हतं. ते फक्त तुला आणि मला माहीत आहे असं मी तोवर धरून चाललो होतो. आता लिहून काढतो. मध्येमध्ये बोलायची तुझी खोड, पण आज ऐकून घ्यावं लागेल.

अंबाजोगाईहून नोकरीसाठी आलो तेव्हा निघोज्यात कंपनीजवळ परवडणारी खोली मिळेना, म्हणून लांब चऱ्होलीत तुमच्या घरामागची पत्र्याची खोली घेतली. तू पहिल्या दिवशी विचारलंस, "कुनीकडचं पाव्हणं म्हणायचं?" तेव्हापासून मी पाव्हणाच राहिलो. जिथे तुझ्या चुलत्यांची मेथी असायची तिथे आता उंच इमारत आहे आणि तिच्यात माझा फ्लॅट आहे. माझी पोरं गाव विचारलं की चऱ्होली सांगतात. पण तुझ्या लेखी मी पाव्हणाच. सुरुवातीला राग यायचा. नंतर नंतर माझ्या नावानं कोणी हाक मारली तर मीच दचकायला लागलो.

तुझ्या गाड्या कंपन्यांत भाड्यानं लागलेल्या. माझं काम सेन्सरचं. प्रेस मशीनमध्ये चुकून माणसाचा हात गेला तर मशीन जागच्या जागी थांबवणारे सेन्सर असतात, ते बरोबर चालतात ना, हे बघायचं. कधीकधी समोर काहीच नसताना मशीन थांबतं. ऑपरेटर वैतागतो, म्हणतो, साहेब, सेन्सर खोटं बोलतोय. मी नव्या पोरांना पहिला धडा हाच द्यायचो की सेन्सर खोटं बोलत नाही, त्याला जे जाणवलं तेच तो सांगतो. का जाणवलं ते आपण शोधायचं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय.

दोन वर्षांपूर्वी कंपनीतून येताना खडीवर माझी मोटारसायकल घसरली आणि डाव्या बाजूचं गळ्याखालचं हाड मोडलं. पहिला फोन मी बायकोला नाही, तुला केला. ऑपरेशन करून प्लेट बसवली. दवाखान्यात माझ्या शर्टाची बटणं तू लावायचास आणि वर म्हणायचास, "सुमनला कधी साडीची पिन लावून दिली न्हाई म्या, आन् तुझी बटणं लावतोय. काय दिवस आलं."

हाड जुळलं. टाके निघाले. जखम अशी भरली की डॉक्टरांनी आपल्याच कामाचा फोटो काढून घेतला. आणि दुखणं तिथेच राहिलं. साधं दुखणं असतं तर सांगता आलं असतं. शर्टाची कॉलर घासली तरी चटका बसल्यासारखं व्हायचं. बॅगेचा पट्टा नको, अंघोळीचं कोमट पाणी नको, पंख्याचा वारासुद्धा नको. कुणी प्रेमानं खांद्यावर हात ठेवायला आलं की मी मागे सरायचो. एक्स-रे बघून सगळे म्हणायचे, एकदम झकास आहे. तूही म्हणायचास, "आरं, जखम भरली, टाकं निघालं, आता काय दुखतंय? कामाचा कटाळा आलाय तुला."

मग तू ती नक्कल बसवलीस. डावा खांदा कानाला लावायचा, उजव्या हाताचा पंजा पुढे धरायचा, तोंड कडू करायचं आणि चोरपावलांनी चालत "सरका, सरका, पाव्हणं आलं" म्हणायचं. चहाच्या टपरीवर, बैलगाडा शर्यतीच्या घाटात, तुझ्या घरात, सगळीकडे प्रयोग झाले. सुमनवहिनी पदर तोंडाला लावून हसायच्या. खरं सांगतो, नक्कल हुबेहूब होती. म्हणूनच ती लागायची. एकदा मी चहा तसाच ठेवून निघून गेलो आणि आठवडाभर तुझ्याशी बोललो नाही. मोटारसायकल सुटल्यापासून तूच मला कंपनीत ने-आण करायचास; त्या आठवड्यातही तुझी गाडी सकाळी माझ्या गेटवर उभी असायची. दोघंही गप्प बसून निघोज्यापर्यंत जायचो.

शेवटी कुणीतरी पिंपळे गुरवच्या एका डॉक्टरबाईंचं नाव सांगितलं. त्या फक्त दुखण्यावरच उपचार करतात. तूच घेऊन गेलास, पण आत आला नाहीस. म्हणालास, "मला हसू आलं तर तुझी पंचाईत."

बाईंनी खांदा बघितला. कापसाच्या बोळ्यानं नुसतं टेकवलं आणि मी खुर्चीतून उठलो. त्या म्हणाल्या, "हे नाटक नाही, बसा." संपत, त्या एका वाक्यानं मला रडू आलं. मग त्यांनी कागदावर चित्र काढून समजावलं. ऑपरेशन करताना कातडीतल्या बारीक नसा कापल्या जातात, त्याला इलाज नसतो. त्या नसांच्या पेशी मणक्याच्या शेजारी असतात. नस कापली की त्या पेशी वेगळ्या तऱ्हेनं वागायला लागतात, त्यांच्यात बनणारी प्रथिनं बदलतात. काही प्रथिनं म्हणजे नसेची दारंच. त्यातून संदेश सुटतो. दार उघडणारी जास्त बनतात आणि कापलेल्या टोकाशी जाऊन गोळा होतात. दार आवरून धरणारी कमी बनतात. मग जरासा स्पर्श झाला तरी दारं धडाधड उघडतात. बहुतेकांचं हे जखमेबरोबर शांत होतं. काहींचं होत नाही. मी विचारलं, माझंच का? त्या म्हणाल्या, "ते अजून कुणालाच नीट सांगता येत नाही."

गाडीत बसल्याबसल्या मी तुला हे सगळं सुनावलं, कोर्टात केस जिंकून आल्यासारखं. तू मोशीपर्यंत गप्प होतास. मग म्हणालास, "प्रथिनं म्हंजी डाळीत असत्यात तीच ना?"

"तीच, पण ही वेगळी."

"मग डाळ कमी खा."

मी डोक्याला हात लावला. तुला सेन्सरच्या भाषेत सांगितलं, की नसेची संवेदना वाढवून ठेवली गेलीय, समोर काही नसलं तरी सिग्नल देते. तू म्हणालास, "मग कमी कर की. तुझंच काम हाय ते." नंतर आळंदी फाट्याच्या गर्दीत गाडी अडकली आणि तू एकदम वेगळ्याच आवाजात विचारलंस, "म्हंजी जखम न्हाई, फोटुत दिसत न्हाई, तरी दुखनं खरं हाय?"

"खरं आहे."

"मग दुसऱ्या मानसानं वळखायचं कसं?"

मी म्हणालो, "ओळखायचं मशीन नाही, संपत. ज्याचं दुखतं तो सांगतो, त्यावर विश्वास ठेवायचा. बास."

तू मान हलवलीस. नक्कल काही थांबली नाही, तो तुझा धंदाच होता. पण त्यानंतर तू माझ्या डाव्या बाजूला चालायला लागलास. लग्नात, बाजारात, यात्रेच्या रेटारेटीत, कायम डावीकडे. माझ्या लक्षात यायला बराच काळ गेला. बाईंनी सांगितलं होतं की रोज त्या जागेवर आधी कापूस फिरवायचा, मग सुती कापड, मग टॉवेल. नसेला पुन्हा शिकवायचं की स्पर्श म्हणजे इजा नव्हे. मी टाळाटाळ करायचो. तू कापसाचं आख्खं बंडल आणून दिलंस आणि रोज सकाळी गाडीचं दार उघडताना नमस्काराच्या जागी विचारायचास, "कापूस फिरवला का?" मी बऱ्याचदा हो म्हणून थाप मारायचो. तुला ती कळायची. उपचारांनी म्हण किंवा तुझ्या धाकानं म्हण, गेल्या काही महिन्यांत बरंच कमी झालं होतं. पार गेलं नव्हतं, पण शर्ट घालताना तोंड वाकडं होत नव्हतं. हे मी तुला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तू गाडीतून उतरवून बसनं जा म्हणाला असतास, अशी मी मनाची समजूत घातली. खरं म्हणजे त्या दुखण्यामुळे मिळणारी तुझी सोबत मला सोडवत नव्हती.

आता त्या संध्याकाळचं सांगतो.

तू मला गेटवर सोडलंस. मी उतरलो, दार लावणार तेवढ्यात तू हाक मारलीस. तुझा उजवा पंजा डाव्या खांद्यावर होता. तोंड कडू झालेलं. म्हणालास, "पाव्हण्या, आज माझाबी खांदा दुखतोय राव. पार कोपरापत्तुर."

मी हसलो. म्हणालो, "आज चांगली जमली. घामपण आणलास की." एसी लावलेल्या गाडीत तुझ्या कपाळावर घाम होता, संपत. तो मला दिसला. मी त्याची तारीफ केली.

तू परत म्हणालास, "न्हाई रं, खरंच."

मी म्हणालो, "डाळ कमी खा." आणि दार लावून लिफ्टकडे गेलो. वर जाईपर्यंत हसत होतो. दोन वर्षांनी एकदा तुझं वाक्य तुझ्यावर उलटवायला मिळालं होतं, त्याचा आनंद.

पहाटे प्रसादचा फोन आला. दवाखान्यात पोचायच्या आधीच सगळं संपलं होतं. हृदयविकाराचा झटका.

आमच्या कंपनीत कॅन्टीनच्या दारातच एक चित्र लावलेलं आहे. छातीवर हात धरलेला माणूस, डाव्या खांद्यावर आणि दंडावर लाल रंग, कपाळावर घामाचे थेंब. दरवर्षी सुरक्षेच्या प्रशिक्षणात ते आम्हाला समजावून सांगतात. मी नव्या पोरांना सांगतो. रोज दोनदा त्याच्यासमोरून जातो. मी अडाणी असतो तर तेवढा तरी आधार राहिला असता. मला सगळं माहीत होतं. तुझ्या तोंडावर ते चित्र जसंच्या तसं होतं आणि मी त्याला टाळी दिली.

अंत्ययात्रेच्या वेळी तुझ्या भावकीतल्या आबांनी, तुझ्या थोरल्या चुलत्यांनी, चारचौघांत मला हाक मारली. "पाव्हणं, या म्होरं. खांदा द्या. घरचंच हाय तुमी." अठरापगड माणसं होती तिथे, नात्याची, मोठ्या हुद्द्यांची, आणि त्यांनी बाहेरगावच्या मला बोलावलं. इतकी वर्षं ज्याची वाट बघितली ते असं आलं. आणि मी गळ्याखालच्या हाडावर हात ठेवला आणि म्हणालो, "आबा, दुखतंय."

संपत, त्या दिवशी दुखत नव्हतं.

आणि माझा उजवा खांदा धडधाकट होता की. पलीकडच्या बाजूला जाऊन देता आला असता. पण तू ज्या खांद्याचं सांगितलंस तो मी थट्टेवारी नेला, आता तुला कोणत्या खांद्यावर घेऊ, असं झालं मला. पाय पुढे पडेना. हे कुणाला सांगता येत नव्हतं, म्हणून जे सोपं होतं ते सांगितलं. एवढ्यावरही थांबलो नाही. आबांनी काही विचारलं नव्हतं, तरी स्मशानात त्यांच्याशेजारी बसून मी त्यांना समजावत होतो की ऑपरेशननंतर नसांमध्ये प्रथिनं बदलतात, त्यामुळे वरून दिसत नाही. समोर तुझी चिता पेटत होती. म्हातारा माझ्याकडे बघून हो हो म्हणत राहिला.

दोन वर्षं मी भांडलो की मी सोंग करत नाही. तू माझ्यावर विश्वास ठेवलास त्यानंतर, तू गेल्यावर, मी पहिल्यांदा सोंग केलं. त्याची मला जी लाज वाटते तिला तळ लागत नाही.

काल दहाव्याला, भाषणं संपून लोक पांगल्यावर, खांदे उतरवायचं सुरू झालं. आमच्याकडे ही रीत मी बघितली नव्हती, तुमच्या भावकीत आहे. ज्यांनी खांदा दिला त्यांना ओळीत बसवून त्यांच्या खांद्याला तेल लावायचं, म्हणजे गेलेल्याचा भार उतरतो. चौघं बसले. प्रसाद, मुंडण केलेला, ओल्या पंच्यात, तेलाची वाटी घेऊन एकेकासमोर वाकत होता. चौथ्याचं झालं आणि त्यानं माझ्याकडे बघितलं. "काका, तुमीबी बसा."

"मी खांदा दिला नाही रे."

आबा म्हणाले, "बसा हो पाव्हणं. दुखत व्हतं म्हनून न्हाई दिला, आमाला काय म्हाईत न्हाई व्हय?"

त्यांचा तो भला आवाज मला सोसवला नाही. मी म्हणालो, "आबा, दुखत नव्हतं."

मी तसाच घाटाच्या पायरीवर बसलेल्या सुमनवहिनींकडे गेलो. त्यांच्यासमोर खाली बसलो आणि सगळं सांगितलं. गाडी, खांदा, घाम, डाळ. म्हणालो, "वहिनी, त्यानं दोनदा सांगितलं मला. मी तेव्हाच गाडी दवाखान्याकडे वळवायला लावली असती तर कदाचित तो असता. मला वाटलं, माझी नक्कल करतोय."

त्या नदीकडे बघत होत्या. मला वाटलं, आता उठून जातील. पण त्या म्हणाल्या, "भावजी, मलाबी म्हनलं व्हतं त्यांनी."

मी वर बघितलं.

"जेवताना. घास खाली ठेवला, असा खांदा धरला, म्हनलं, सुमन, लय दुखतंय गं. म्या हसले." त्यांनी पदर तोंडाला लावला, पूर्वी हसताना लावायच्या तसाच. "म्हनलं, पुरं करा आता त्या पाव्हण्याची नक्कल. जेवा गप. तर जेवलं गप." मग हळू म्हणाल्या, "म्या अजून प्रसादलाबी सांगितलं न्हाई."

मी तुला दोष देत नाही, संपत. तू माझ्याकडून गेलास तो तिच्याकडे गेलास, आणि आम्ही दोघंही हसलो. माझी लाज तिनं वाटून घेतली म्हणून ती कमी झाली नाही. उलट मला कळलं की ही बाई उरलेलं आयुष्य त्या ताटासमोर बसणार आहे, आणि ती नक्कल मुळात माझ्या दुखण्याची होती.

प्रसाद वाटी घेऊन आमच्याजवळ येऊन उभा राहिला होता. त्यानं किती ऐकलं, मला माहीत नाही. वहिनींनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, "काकाच्या खांद्याला लाव."

"कंच्या?"

मी शर्टाची वरची बटणं सोडली आणि डावा खांदा पुढे केला. त्यानं तेलाचं बोट हाडावर टेकवलं. तळहातानं नीट पसरवायला गेला आणि ती जुनी कळ, बरी होत आली म्हणून मी लपवलेली, गळ्यापासून दंडापर्यंत सळसळत गेली. मी तोंडातून आवाज काढला नाही. पण त्याला हाताखाली कळलं असावं.

"काका, दुखतंय?"

"दुखतंय," मी म्हणालो.

त्यानं ताबडतोब हात उचलला. बोटांना तेल तसंच, हात वरच्या वर धरलेला. माझ्या तोंडाकडे बघून खात्री करून घेतली नाही, हसला नाही, पुढे काही विचारलं नाही. दुखतंय म्हटल्यावर थांबला.

एवढंच तर करायचं होतं मला, संपत.